पाँपेईत सापडलेली भोकरदनची लेक?

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील पाँपेईवरचा लेख आवडला. इ.स. ७९मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर, जळून कोळसा झालेले पाव, सगळं आलं. पण आम्ही जालनेकर जिची वाट पाहत होतो, ती बाई काही आली नाही!

१९३८मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची वीतभर उंचीची भारतीय मूर्ती निघाली. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीच, दागिने मात्र भरपूर. हातभर बांगड्या, घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दासी. डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या मेजाचा पाय असावी. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात खरं, पण ना हातात कमळ, ना बाजूला हत्ती. मला विचाराल तर यक्षीच.

अशाच घडणीची तुटकी आकृती आमच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही एक सापडली आहे. म्हणून भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन, हेच तिचं माहेर असावं असं काही अभ्यासक मानतात. मूर्तीवर खरोष्ठी, म्हणजे प्राचीन वायव्य भारतातल्या लिपीतलं, अक्षर आहे, त्यामुळे वायव्येकडचे लोकही हक्क सांगतात, ते सोडा.

मूळ मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढच्या वेळी पाँपेईवर लिहाल तेव्हा तिला चार ओळी द्या.

– एक वाचक, जालना