प्रोजेक्ट कोणासाठी केला? : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

मी तंत्रशिक्षणात शिकवतो आणि एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून दुसऱ्या कॉलेजांत फायनल इयरच्या प्रोजेक्टचे व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्यायलाही जातो. तिथे जे दिसते त्याबद्दल हे पत्र आहे. हे कुठल्याही एका कॉलेजचे गाऱ्हाणे नाही. राज्यातला कोणताही तंत्रशिक्षक हेच सांगेल.

टेबलावर एक मॉडेल ठेवलेले असते. सौर ऊर्जेवर चालणारे गवत कापायचे यंत्र, स्मार्ट डस्टबिन, चेहरा ओळखून हजेरी घेणारा कॅमेरा, असे काहीतरी. चार मुले युनिफॉर्ममध्ये उभी असतात, सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला रिपोर्ट, समोर असते. मोटर किती वॅटची, ब्लेडचा वेग किती, कंट्रोलर कुठला, सगळी उत्तरे पाठ असतात. मग मी विचारतो, "हे कोणासाठी केलंत? त्या माणसाला भेटलात का?" मुले एकमेकांकडे बघतात, गाईड खिडकीबाहेर बघतात. मॉडेल तयार विकत मिळते, त्याबरोबर रिपोर्ट आणि व्हायवाचे प्रश्नही मिळतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. व्हायवा संपला की मॉडेल कपाटात जाते किंवा त्याचे सुटे भाग पुढच्या बॅचला विकले जातात.

मुलांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. चार वर्षांत "कोणासाठी?" हा प्रश्न त्यांना एकाही पेपरात आलेला नसतो. त्याला मार्क नाहीत. ज्याला मार्क नाहीत ते मुले करत नाहीत, आणि त्यांच्या जागी आपणही केले नसते.

समाजाशी बांधिलकी हवी आणि नवनिर्मितीही हवी, हे प्रत्येक धोरणात लिहिलेले असते. प्रत्यक्षात आपण दोन्हींचे वेगवेगळे कप्पे केले आहेत. बांधिलकी राष्ट्रीय सेवा योजनेकडे. ही योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण अभियांत्रिकीचा विद्यार्थी सात दिवसांच्या शिबिराला गावात जातो तेव्हा तो रस्ता झाडतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो. गावच्या टाकीला पाणी चढत का नाही, हे बघायला त्याला कोणी सांगत नाही, आणि तो तर स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असतो. नवनिर्मिती इनक्युबेशन सेंटरकडे, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्राकडे, आणि हॅकेथॉन स्पर्धांकडे. तिथे समस्या छापील येते, छत्तीस तासांत उत्तर शोधायचे असते, आणि समस्या ज्याची आहे तो माणूस सभागृहात नसतो. या दोन कप्प्यांच्या मधोमध फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. त्याला क्रेडिट आहेत, वेळ आहे, गाईड आहे, परीक्षा आहे. सगळी व्यवस्था आधीच उभी आहे, फक्त ती रिकामी फिरते आहे. माझे म्हणणे एवढेच की बांधिलकी आणि नवनिर्मिती या दोन्ही गोष्टी या प्रोजेक्टमध्ये आणा.

हे होऊ शकते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. खेड्यापाड्यांत, शाळेच्या आवारात दिसणारा लोखंडी हातपंप आपण सगळ्यांनी हापसला आहे. साठच्या दशकात कठीण खडकात झपाट्याने बोअर घेणारी यंत्रे देशात आली आणि गावोगाव बोअर झाले. त्यांवर बसवलेले हातपंप मात्र बिडाचे होते. मूळ बनावट परदेशातली, एका कुटुंबाने आपल्या अंगणात वापरायची. आपल्याकडे त्याच पंपावर अख्खे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग लावायचे. पंप मोडायचे, आणि सत्तरच्या दशकापर्यंत अशी अवस्था आली की देशभर बसवलेल्यांपैकी बहुतेक बंद पडलेले होते. बोअरला पाणी होते, ते वर येत नव्हते.

यावर पहिला उपाय जालन्यात निघाला, एका ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळेत. बिडाऐवजी पोलाद वापरले आणि दांडा एकाच खिळीवर फिरेल असा केला. सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाली. दांड्याच्या टोकाला कमानीवरून जाणारी साखळी आली, त्यामुळे आतला गज सरळ वर-खाली होऊ लागला आणि त्याची झीज कमी झाली. पुढे केंद्र सरकार, युनिसेफ आणि मद्रासमधला रिचर्डसन अँड क्रूडास हा कारखाना यांनी मिळून सोलापूरच्याच पंपावरून 'इंडिया मार्क टू' घडवला. तो देशभर गेला आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतही गेला.

महोदय, या गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मार्क टू मजबूत होता, पण खालचा वॉशर बदलायचा म्हटला तरी सगळे पाइप वर ओढावे लागत. त्यासाठी तिकाटणे, गाडी आणि तालुक्याहून येणारे पथक लागायचे. पथक येईपर्यंत गावाने काय करायचे? म्हणून मार्क थ्री आला. त्यात पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न काढता आतला दट्ट्या वर खेचता येतो आणि गावातला शिकवलेला माणूसही दुरुस्ती करू शकतो. बदल मुख्यतः पाइपच्या रुंदीचा होता. पण पंप बसवून झाल्यावरही कोणीतरी परत जाऊन बघत राहिले, म्हणूनच तो सुचला. आपल्या प्रोजेक्टच्या वेळापत्रकात 'परत जाऊन बघणे' याला जागाच नाही.

दुसरे उदाहरण कडबाकुट्टीचे. दुभते जनावर आहे तिथे हे यंत्र असते. जड चाकाला वाकडी पाती, आणि वैरण आत ओढणारे दातेरी रोलर. वैरण पुढे सरकवताना हात रोलरपर्यंत गेला की यंत्र हात सोडत नाही. यंत्र बंद असताना चाक फिरवून खेळणाऱ्या लहान मुलांचीही बोटे गेलेली आहेत. दिल्ली आयआयटीतल्या दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत जाऊन या अपघातांचा अभ्यास केला आणि सुधारणा सुचवल्या: हात रोलरपाशी पोचण्याआधीच इशारा देणारा आणखी एक रोलर, काम नसताना चाक अडकवून ठेवणारी खीळ, पात्यांवर झाकण. यात तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलाला जमणार नाही असे काय आहे? मळणीयंत्रांसाठी तर १९८३ पासून धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा आहे. आपल्या यंत्र अभियांत्रिकीच्या किती विद्यार्थ्यांनी त्याचे नाव ऐकले असेल? ज्या मुलाच्या घरी कडबाकुट्टी आहे तोच मुलगा शहरात येऊन रेषेवरून चालणारा 'लाइन फॉलोअर' रोबो विकत घेतो, कारण कडबाकुट्टी हा 'प्रोजेक्टचा विषय' असू शकतो असे त्याला कोणी सांगितलेले नाही. याचे मला खरोखर वाईट वाटते.

आपल्याच विभागाने ही वाट एकदा धरली होती. मुंबई आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र, म्हणजे सितारा, १९८५ पासून आहे. त्याच्या मदतीने २०१६ मध्ये विभागाने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू केले. महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातल्या पाणी, ऊर्जा, शेती अशा प्रश्नांचा अभ्यास करावा आणि प्रशासनाने तो वापरावा, ही कल्पना. पाबळच्या विज्ञान आश्रमात तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हेच करून दाखवले: प्रयोगशाळा गावात, आणि गावाचे काम हाच अभ्यासक्रम. म्हणजे नमुने आहेत, माणसे आहेत, शासन निर्णयही आहेत. पण ज्या कॉलेजात एखादा धडपडा शिक्षक आहे तिथेच हे चालते. त्याची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की थांबते.

थांबते, कारण आपण मोजतो ते वेगळेच. आता कॉलेजांना पेटंटचे वेड लागले आहे. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक संस्थांच्या क्रमवारीत मंजूर पेटंटबरोबर प्रकाशित पेटंटही धरले जाते. प्रकाशित म्हणजे अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला, इतकेच. त्यात नवे काही आहे की नाही याची तपासणी त्यानंतर होते, आणि कोणी ती मागितली तरच होते. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण तिचा परिणाम असा की शिक्षकाला वर्षाअखेर 'तुमचे पेटंट किती?' असे विचारले जाते. तुमच्या मुलांनी केलेली किती यंत्रे आज कुठे चालू आहेत, हे कोणी विचारत नाही. मार्क टूवर आज अशा पद्धतीने काम झाले असते, तर अर्ज प्रकाशित झाल्याच्या दिवशीच सगळे टाळ्या वाजवून घरी गेले असते.

आपल्याकडून काय हवे ते आता सांगतो. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे प्रोजेक्टला एक खरा वापरकर्ता असलाच पाहिजे. ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र, बचत गट, शाळा, लहान कारखाना, एखादा शेतकरी, कोणीही चालेल. विषय मंजूर होण्याआधी विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन यावे आणि काय पाहिले ते दोन पानांत मराठीत लिहावे. शेवटच्या गुणांतला काही वाटा त्या वापरकर्त्याच्या मतावर असावा. व्हायवाला तो येऊ शकत नसेल तर एक्स्टर्नलने त्याला फोन करावा. तयार प्रोजेक्टचा बाजार बंद करायला छापे घालण्याची गरज नाही. ज्या प्रोजेक्टला खरा माणूस जोडलेला आहे तो दुकानात मिळतच नाही.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रोजेक्ट एका बॅचबरोबर संपू देऊ नका. यंदाच्या गटाने जे केले ते पुढच्या गटाने उचलावे, ते वापरात आहे का हे जाऊन बघावे, बंद पडले असेल तर का, हे शोधावे. 'मागच्या वर्षीचे यंत्र का चालले नाही' हा पूर्ण मार्कांचा प्रोजेक्ट मानला जावा. आज अपयश लिहिणाऱ्या मुलाचे मार्क जातात, म्हणून प्रत्येक ब्लॅक बुकच्या शेवटी सगळे काही यशस्वीच झालेले असते.

सगळ्यांना यंत्रच बनवायला लावू नका. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे ठरले आहे. एक बादली आणि मोबाइलमधले घड्याळ घेऊन स्थापत्यच्या मुली योजनेच्या शेवटच्या नळापाशी उभ्या राहिल्या, बादली किती सेकंदांत भरते ते वेगवेगळ्या वेळी लिहिले, पाणी किती वेळ येते आणि नळावर किती माणसे आहेत ते विचारले, की ५५ लिटर खरोखर पोचतात का हे कळते. मग टाकीपासून नळापर्यंतचा उतार, पाइपचा व्यास, मधली गळती, सगळे हायड्रॉलिक्स त्यांना पुन्हा उघडावे लागते, आणि या वेळी ते डोक्यात राहते. असा अहवाल ग्रामपंचायतीलाही हवा असतो आणि जिल्हा परिषदेलाही. त्यासाठी विभागांनी योजनेचे नकाशे आणि अंदाजपत्रके विद्यार्थ्यांना दिली पाहिजेत. आज ती मागायला गेलेल्या मुलांना टेबलाटेबलावर फिरवले जाते. तेवढे एक पत्र आपण पाणीपुरवठा व ग्रामविकास मंत्र्यांशी बोलून काढू शकता.

शिक्षकांचे काय? तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला तासाचे पैसे मिळतात. गावात गेलेला दिवस त्याच्या तासांत बसत नाही, प्रवासखर्च कोणी देत नाही, आणि हाताखाली अनेक गट असतात. त्याच्याकडून हे सगळे फुकट मागणे अन्याय आहे. प्रोजेक्टची भेट हा अध्यापनाचा तास धरा, रिकामी पदे भरा, आणि पदोन्नतीच्या गुणांत वापरात असलेल्या कामाला प्रकाशित पेटंटपेक्षा जास्त वजन द्या. पैशांसाठी जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांची तरतूद असते. तिच्यातला थोडा भाग कॉलेजांच्या अशा कामाला मिळाला तरी पुष्कळ होईल.

यावर पालकांचा आणि संस्थाचालकांचा आक्षेप मला माहीत आहे: अशाने प्लेसमेंट बुडेल. मला तसे वाटत नाही. मुलाखतीत "तुझ्या प्रोजेक्टमध्ये अडचण काय आली?" हा प्रश्न हमखास येतो. विकतच्या प्रोजेक्टला अडचण आलेलीच नसते, त्यामुळे मुलगा तिथेच अडखळतो. शेवटच्या नळापाशी उभ्या राहिलेल्या मुलीला या प्रश्नावर अर्धा तास बोलता येते. आणि सगळ्यांनी गावातच जावे असेही मी म्हणत नाही. महानगरपालिकेचे दवाखाने आहेत, बस डेपो आहेत, मैलापाण्याच्या वाहिन्या आहेत. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे गटारांत उतरून मरतात. केरळात अभियांत्रिकी कॉलेजातून एकत्र बाहेर पडलेल्या मुलांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' हा रोबो बनवला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. ती मुले आज एक कंपनी चालवतात.

एकदम सगळ्या राज्यात नको. येत्या शैक्षणिक वर्षात दोन जिल्हे घ्या, एक शहरी आणि एक दुष्काळी. तिथली पदवी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने या नियमाखाली आणा. लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि तंत्रशिक्षण मंडळ यांना मूल्यमापनाचा नमुना तयार करायला सांगा, आणि प्रत्येक प्रोजेक्टचा अहवाल सर्वांना वाचता येईल असा खुला ठेवा. गट पाडून विषय देण्याची गडबड ऑगस्टमध्ये सुरू होते, त्यामुळे परिपत्रक जूनमध्येच कॉलेजांच्या हातात पडायला हवे. मूल्यमापनाच्या नमुन्यावर काम करायला मी आणि माझ्यासारखे अनेक शिक्षक तयार आहोत. आपण बोलावले तर स्वखर्चाने येऊ.

कळावे,
आपला विश्वासू,
तंत्रशिक्षणातला एक शिक्षक