कोल्हापूर ते दिब्रुगड ३ तास ५ मिनिटं हे तुमच्या साइटवरून आधी काढा

नमस्कार,

तुमच्या बुकिंग साइटवर कोल्हापूर ते दिब्रुगड टाकलं की वरच मोठ्या अक्षरात येतं, अंतर २४४६ किमी, फ्लाइट टाइम ३ तास ५ मिनिटं. हे वाचून मी सगळं प्लॅनिंग केलं आणि त्याचा त्रास माझ्या ६८ वर्षांच्या आईला झाला, म्हणून लिहितोय.

माझा भाऊ आसाममध्ये दिब्रुगडजवळच्या दुलियाजानला नोकरीला आहे, त्याच्या मुलीचं बारसं होतं. बाबा अंथरुणावर, त्यांना रात्री एकटं ठेवता येत नाही, पण तीनच तासांचं विमान आहे तर मी आणि आई सकाळी निघू, संध्याकाळचं बारसं करू आणि दुसऱ्या दिवशी परत, एकच रात्र शेजारचे काका झोपायला येतील असं ठरवलं, आणि त्याच भरवशावर बारसं चार दिवसांवर आलं तरी तिकीट न काढता निवांत राहिलो. पैसे भरायला बसलो तेव्हा कळलं की डायरेक्ट फ्लाइटच नाही! आधी हैदराबाद, मग कलकत्ता, मग दिब्रुगडचं मोहनबारी एअरपोर्ट. त्या दिवशी संध्याकाळच्या आत पोचवणारं एकही तिकीट उरलं नव्हतं, म्हणून आदल्या दिवशीच निघावं लागलं आणि आईने कलकत्ता एअरपोर्टवर खुर्चीत बसून रात्र काढली. तिला इन्सुलिन चालू आहे, जेवणाची वेळ चुकून चालत नाही. घर सोडल्यापासून भावाच्या दारात पोचेपर्यंत २३ तास गेले आणि एका रात्रीच्या जागी काकांना तीन रात्री झोपायला यावं लागलं.

घरी आल्यावर मी नकाशावर मोजून बघितलं. कोल्हापूर-हैदराबाद साधारण ४४५ किमी, हैदराबाद-कलकत्ता १२०० च्या आसपास, कलकत्ता-दिब्रुगड ८५० च्या आसपास, म्हणजे बेरीज २५०० किमी. तुमच्या आकड्यापेक्षा जेमतेम पन्नास-साठ किमी जास्त! म्हणजे अंतर बरोबर आहे, फसवतो तो वेळ. तुम्ही नकाशावर सरळ रेघ मारून तिला जेटच्या ८०० च्या स्पीडने भागलंय. ती रेघ बांगलादेशावरून जाते, त्या रेघेने कोल्हापूरहून थेट दिब्रुगडला जाणारं कुठलंच विमान नाही, आणि आम्हाला हैदराबादला नेलं ते पंख्याचं एटीआर, ते ताशी ५०० च्या आसपासच जातं. नुसतं हवेतच आमचे पाच तास गेले, चेक-इन आणि हॉल्ट वेगळेच.

अजून एक, तिकडे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आपल्याकडे तेव्हा चांगलं ऊन असतं. तीन तास धरून जो दुपारच्या फ्लाइटचा विचार करेल त्याला मोहनबारीहून पुढे अनोळखी रस्त्याने अंधारात जावं लागेल, म्हातारं माणूस सोबत असेल तर ही साधी गोष्ट नाही.

तुमच्या कस्टमर केअरला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "सर तो अंदाजे वेळ असतो" एवढंच उत्तर. अहो पण अंदाजे असं तिथे लिहिलेलंच नाही, मग माणसाने काय समजायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे डायरेक्ट फ्लाइट नाही तिथे हा तीन तासांचा आकडा दाखवूच नका, त्या जागी हॉल्ट धरून कमीत कमी किती तास लागतात ते लिहा, आणि अंतरापुढे "सरळ रेषेतलं" हा शब्द टाका. दोघांच्या तिकिटांवर घेतलेली कन्व्हिनियन्स फी मला परत हवी आहे, बुकिंगची पीडीएफ आणि त्या पेजचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय. उत्तर फोनवर नको, लेखी मेलवर द्या.