‘वय झालं’ म्हणून लघवीचा त्रास सोसणाऱ्यांसाठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात मी ३२ वर्षं यंत्रमाग चालवला. आता वय ६७. हे पत्र लघवीच्या त्रासाबद्दल आहे. आम्ही पुरुष हा विषय घरातसुद्धा काढत नाही, म्हणूनच चारचौघांत लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या. त्याच रात्री लघवी तुंबली. ओटीपोट दगडासारखं झालं. पहाटे दवाखान्यात नळी घातली, तेव्हा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का? होता की, चार वर्षं होता. रात्रीत चारदा उठायचं, धार बारीक, सुरू व्हायलाच वेळ, झाल्यावरही थेंब थेंब. बायको ‘दाखवून या’ म्हणायची आणि मी ‘वय झालं’ म्हणून गप्प करायचो. सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, आधीच अडलेली वाट पूर्ण बंद होते, हे मला नळी लागल्यावर कळलं. गोळी देताना कुणी एवढंच विचारलं असतं, ‘काका, लघवी नीट होते का?’

प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली, मूत्रनलिकेभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. पन्नाशीनंतर बहुतेकांची वाढत जाते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोगही होत नाही; पण भीतीपोटी माणसं तपासणीच टाळतात. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने स्नायू सैल पडून बऱ्याच जणांना थोड्याच दिवसांत आराम वाटतो. मात्र उठताना भोवळ येऊ शकते, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. रात्री उठावं लागण्यामागे कधी साखरही निघते. लघवीतून रक्त गेलं, तर एक दिवसही थांबायचं नाही.

आणि साहेब, आमच्या कारखान्यांचं काय? बारा-बारा तासांची पाळी, उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर, वर पत्रा. मुतारी लांब किंवा पाय ठेवू नये अशी, म्हणून कामगार पाणीच कमी पितो. लघवी दाट होते, जळजळ होते, खडे होतात. शेजारच्या मागावरचा माझा मित्र पाळीच्या आधी घोटभर चहा घ्यायचा आणि दिवसभर तेवढ्यावर काढायचा. त्याचे खडे दोनदा काढले.

मोठ्या रुग्णालयात जायचं तर रोजंदारी बुडते. म्हणून मागणी एवढीच, की पूर्व भागातल्या नागरी आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक संध्याकाळ पुरुषांच्या या त्रासासाठी ठेवा. लघवी आणि साखरेची तपासणी तिथेच व्हावी, गोळ्या तिथेच मिळाव्यात, आणि गरज असेल त्याला तज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवावं. फलक मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लावा. आमच्या मागांवर तिन्ही भाषा चालतात. औषध दुकानदारांनाही तो एक प्रश्न विचारायला सांगा. कामगार खात्याशी बोलून कारखान्यांत स्वच्छ मुतारी आणि प्यायचं पाणी तपासायला लावा.

या कामासाठी पूर्व भागात माणसं गोळा करायची जबाबदारी माझी. पहिल्या संध्याकाळी मी स्वतः दारात उभा राहीन.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार, सोलापूर