प्रेमकथा लिहिणाऱ्या बायकांचे करार कोण वाचून देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात ९९ वं साहित्य संमेलन झालं तेव्हापासनं तुमच्या वाचकपत्रांत मराठी कोण वाचतं आणि कोण लिहितं यावर बरंच काही येतंय, मी सगळं वाचतेय. त्यातल्या एका पत्रात एका सरांनी लिहिलं होतं की मोबाईलवर रोज प्रेमकथेचे भाग टाकणाऱ्या बायका म्हणजे नुसता टाइमपास, त्यांना लेखिका म्हणू नये. सरांचा मान ठेवून सांगते, मी त्यातलीच एक आहे. दिवसा सांगलीत विश्रामबागला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते, प्रकाशक नाही, सगळं स्वतःच्या जबाबदारीवर. आम्हाला लेखिका म्हणायचं का नाही यावर मला भांडायचंच नाही. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. आमच्यातल्या कितीतरी जणी ज्या कागदावर सही करतात तो त्यांनी नीट वाचलेलाच नसतो, आणि वाचून समजावून सांगणारं आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत कोणी नाही.

आधी हे काम कसं चालतं ते सांगते कारण लांबनं बघणाऱ्याला ते कळत नाही. आमच्या ग्रुपमध्ये कऱ्हाडची एक नर्स आहे, विट्याची एक शाळेतली मॅडम, तासगावकडची एक द्राक्षबागवाल्या घरातली सून, साताऱ्याच्या दोघी तिघी. बहुतेक जणी टोपणनावानं लिहितात, काहींच्या घरी नवऱ्याला माहितीय पण सासरी नाही. रात्री भांडी आवरली, पोरं झोपली की लिहायला बसायचं, नाही तर स्वयंपाक करता करता फोनला बोलून टाईप करायचं आणि मग त्यातलं चुकलेलं दुरुस्त करत बसायचं, व्हॉइस टायपिंगला आपली सांगलीकडची बोली कळत नाही त्यामुळे अर्धा वेळ तिथंच जातो. एक भाग साधारण हजार बाराशे शब्दांचा. तो अशा ठिकाणी थांबला पाहिजे की बाईनं उद्या परत उघडला पाहिजे. दोन दिवस गॅप पडला की कमेंट सुरू, ताई पुढचा भाग कधी, ताई तब्येत बरी आहे ना. गौरी-गणपती जवळ आले की आठवडाभराचे भाग आधीच लिहून ठेवावे लागतात. कव्हर स्वतः करायचं, प्रूफ मैत्रिणीकडनं वाचून घ्यायचं, जाहिरातही आपणच करायची.

आणि सोपं आहे असं वाटतं लोकांना. अमेरिकेत १९८० साली रोमान्स लिहिणाऱ्यांची संघटना निघाली, त्यांनी प्रेमकथेच्या दोनच अटी सांगितल्यात, गोष्टीच्या मध्यभागी प्रेम पाहिजे आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा पाहिजे. म्हणजे वाचणाऱ्या बाईला पहिल्या पानापासनं माहीत असतं की दोघं एकत्र येणार. तरीसुद्धा तिला पन्नास साठ भाग धरून ठेवायचं असतं, ते काम बसून करून बघावं.

आमच्यातल्या काही जणी पैसेवाला बॉस आणि कॉन्ट्रॅक्ट मॅरेज यातच अडकल्यात हे मला मान्य आहे, मलाही ते आवडत नाही आणि मी त्यांना तोंडावर सांगते. पण ती तासगावकडची आहे ना, तिची कादंबरी वाचा मग बोला. तिचा हिरो बागायतदार आहे. लग्न मे महिन्यातलं, आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत दोघं एकमेकांशी धड बोललेले नसतात, तो पहाटे फवारणीला जातो, रात्री अंगाला औषधाचा वास, जेवतो आणि झोपतो. मग घड औषधात बुडवायचं डिपिंग येतं, घडातले जादा मणी काढायची विरळणी येते, घरात बायकांची वर्दळ, त्यात ही नवीन सून. फुलोऱ्यात असताना आभाळ भरून येतं, एक पाऊस झाला तर डावणी, घडकूज असले रोग, वर्षाचं सगळं गेलं, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या रात्री ती टॉर्च घेऊन त्याच्या मागनं बागेत जाते आणि तिथं दोघांचं पहिल्यांदा खरं बोलणं होतं. आणि पुढं व्हिलन कोण तर माल उचलून पैसे न देता रातोरात गायब झालेला व्यापारी. आपल्याकडं कुठल्या गावात हे झालेलं नाही सांगा. नवराबायकोच्या प्रेमावर खताच्या उधारीचा आणि सोसायटीच्या कर्जाचा काय परिणाम होतो हे इतकं बारकाईनं मी तरी दुसरीकडं वाचलेलं नाही, आणि हे लिहिणारी बाई स्वतः बेदाण्याच्या शेडवर उभी असते.

प्रेमकथेला नावं ठेवणं आपल्याकडं जुनंच आहे. ना. सी. फडके प्रोफेसर होते, आयुष्यभर प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्या, टीकाही झाली आणि १९४० साली रत्नागिरीच्या संमेलनाचे अध्यक्षही झाले. चंद्रकांत काकोडकरांवर तर १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरनं अश्लीलतेचा खटला झाला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये तिथं ते सुटले. सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर होत्या, डॉक्टरकी सांभाळून लिहिलं आणि आमच्या आयांनी त्यांची पुस्तकं वाचनालयातनं नंबर लावून वाचली. खांडेकर तर आपल्या सांगलीत जन्मलेले. पण या सगळ्यांच्या मागं प्रकाशक होता, संपादक होता, दिवाळी अंकवाले होते. आमच्या मागं एक फोन आहे आणि आय ॲग्री म्हणून एक बटण आहे.

आता त्या बटणाबद्दल. माझ्या ओळखीच्या एकीला एका कंपनीकडनं फोन आला, तुमची कथा आम्हाला ऑडिओसाठी पाहिजे म्हणून. ती इतकी खूष झाली की त्याच संध्याकाळी सही करून पाठवली. कागद इंग्रजीत. एकरकमी थोडे पैसे मिळाले. काही महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की तीच गोष्ट हिंदीत येतीय, पात्रांची नावं बदलून, आणि हिचं नाव कुठंच नाही. विचारलं तर कागद दाखवला, सर्व माध्यमं, सर्व भाषा, संपूर्ण जग, कायमस्वरूपी. माझ्याकडं तो कागद आणला तेव्हा ती रडत होती आणि मला इतका राग आला होता की रात्रभर झोप नाही. मी वकील नाही पण ऑफिसात कायद्याची पुस्तकं हाताळायची सवय आहे म्हणून कॉपीराइट कायदा काढून वाचला, १९५७ चा आहे. आणि त्यात लेखकाच्या बाजूचं इतकं काही आहे की आम्हाला कुणी कसं सांगितलं नाही याचंच वाईट वाटलं.

कलम १९ बघा. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, कुठला हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशापुरता हे लिहावं लागतं. मुदत लिहिलेली नसली तर ५ वर्षंच धरतात. प्रदेश लिहिलेला नसला तर भारतापुरतंच. घेणाऱ्यानं एका वर्षात तो हक्क वापरलाच नाही तर तो संपतो, फक्त करारात वेगळं लिहिलेलं नसलं पाहिजे, आणि तिथंच मेख असते, हे वेगळं लिहिलेलं वाक्य बारीक अक्षरात आत कुठंतरी असतं. कलम ५७ तर मी ग्रुपवर तीनदा टाकलंय, हक्क विकले तरी हे माझं लिखाण आहे असं सांगायचा लेखकाचा हक्क राहतो. हे त्या मैत्रिणीला सहीच्या आधी माहीत असतं तर निदान नाव टाका एवढं तरी ती ठणकावून म्हणाली असती. टोपणनावाचंही तसंच आहे, त्या नावानं छापलेल्या लिखाणाचं संरक्षण प्रकाशनापासनं ६० वर्षं, आणि त्या मुदतीत खरं नाव जाहीर केलं तर लेखिकेच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पोराबाळांना मिळायची गोष्ट आहे ही, घर आणि गुंठे सोडून बाईच्या स्वतःच्या नावावर असलेली.

पैशाचंही तसंच, कुणी समजावून सांगत नाही. ॲमेझॉनच्या किंडलवर स्वतः ई-बुक टाकलं तर रॉयल्टी ३५ टक्के किंवा ७० टक्के, पण भारतातल्या विक्रीवर ७० पाहिजे असतील तर ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडं कुठंच ठेवायचं नाही अशी अट आहे. मग जी बाई तीच गोष्ट दुसऱ्या ॲपवर फुकट भागांत टाकत असते ती अडचणीत येते, पुस्तक काढून टाकलं की रडारड. छापायचं म्हटलं तर लेखिकेकडनंच पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे पॅकेजवाले आहेत, त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे लावलेले बघितलेत मी, आणि आयएसबीएन आपल्या देशात राजा राममोहन रॉय एजन्सीकडनं फुकट मिळतो, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं काम आहे ते. जीएसटीचं तर माझ्या रोजच्या कामातलं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. २०१८ साली ज्या ई-बुकची छापील आवृत्ती आहे त्याचा दर १८ वरनं ५ टक्क्यांवर आणला, पण जी कादंबरी फक्त फोनवरच जन्मली ती त्या सवलतीत बसलीच नाही. म्हणजे ज्या बाईला छापायला पैसे नाहीत तिच्याच पुस्तकावर जास्त कर. हे मला मनापासनं अन्यायाचं वाटतं आणि आपल्या खासदार-आमदारांनी यावर बोलावं.

चोरीचं तर काय सांगू, कादंबरी पूर्ण झाली की आठवड्यात पीडीएफ फिरायला लागते, कोण युट्यूबवर वाचून दाखवतं. बाहेर हे झालं तेव्हा लोक एकत्र आले होते. २०१९ मध्ये एका परदेशी लेखिकेनं नावाजलेल्या रोमान्स लेखिकांचे उतारेच्या उतारे उचलल्याचं कोर्टनी मिलन या लेखिकेनं उघड केलं, आणि मग लेखिका आणि वाचकांनी मिळून कुठला उतारा कुणाचा याची यादीच केली. त्यांच्याकडं बोलायला जागा होती, एकमेकींचे करार वाचायची सवय होती. त्यांची ती १९८० ची संघटनासुद्धा भांडणांनी खिळखिळी होऊन २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, ते वाचून मला वाईट वाटलं, पण इतकी वर्षं तिनं नवीन बायकांना धंदा शिकवला हे खरंच आहे.

आपल्याकडं नवीन संघटना काढायचीसुद्धा गरज नाही, आहे त्यातच होण्यासारखं आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्यात कलम १२ प्रमाणं कुठल्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न किती हे बघत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सांगलीतही आहे आणि साताऱ्यातही. ते शिबिरं घेतात, हुंडा, पोटगी, वारसा यावर घेतात आणि घ्यायलाच पाहिजेत, त्यात एक शिबिर लेखनाच्या करारांवर घ्यावं. वकिलांनी यावं, आम्ही आमचे कागद घेऊन येतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली त्यात ध्वनिमुद्रणात वापरलेल्या साहित्याच्या लेखकाला रॉयल्टीत वाटा देणारी तरतूद आहे, तर ऑडिओ कथांसाठी ती कशी मागायची हा पहिला विषय घ्यावा अशी माझी विनंती आहे.

दुसरं, नगर वाचनालयांनी आणि साहित्य परिषदेच्या शाखांनी महिन्यातनं एकदा हॉल द्यावा आणि एखाद्या जाणत्या संपादकाला बसवावं. आम्हाला शुद्धलेखन शिकायचंय, फाफटपसारा कुठं कापायचा ते शिकायचंय, कुणी तरी आमच्या पानावर लाल पेन चालवावा असं फार वाटतं हो. ज्या सरांनी ते पत्र लिहिलं त्यांनाच बोलवा, मी खरंच म्हणतेय, त्यांचा अभ्यास आमच्या उपयोगी पडेल. आणि भिलारला २०१७ पासनं पुस्तकांचं गाव आहे, घराघरात वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडलीत, तिथं एका कपाटात स्वतःच्या खर्चानं छापलेल्या कादंबऱ्या ठेवल्या तर पाचगणी महाबळेश्वरला येणारी माणसं उघडून तरी बघतील.

तुमच्या पेपरला एकच मागणं आहे. रविवारच्या पानावर महिन्यातनं एकदा अशा एका स्वतंत्र लेखिकेच्या कादंबरीचं परीक्षण छापा, चांगली असेल तर चांगली म्हणा, वाईट असेल तर का वाईट ते लिहा. आणि प्राधिकरणाच्या साहेबांपर्यंत हे पत्र पोचवता आलं तर फार बरं होईल. शिबिर ठेवलं तर रविवारी दुपारी दोननंतर ठेवायला सांगा, सकाळी घरातनं निघता येत नाही, आणि संध्याकाळी विट्याच्या, तासगावच्या एसटीची वेळ बघावी लागते. पंधरा वीस जणी तर मी एकटी गोळा करून आणते.

कळावे,
एक कादंबरी लेखिका, विश्रामबाग, सांगली
(माझं नाव छापू नये ही विनंती)