लेकरू कोणी सांभाळावे, हे निसर्गाने ठरवले आहे का?

तालुका अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया
श्रावण

प्रिय दिवाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सूनबाई उपकेंद्रावर ड्यूटीला गेल्या की नातीचे सारे काही तुझा मुलगा भूषण पाहतो, आणि त्यावरून लग्नाच्या पंगतीत एका शिकलेल्या पाहुण्याने त्याला चारचौघांत ऐकवले की पुरुषाने बाहेर हिंडावे आणि बाईने लेकरू सांभाळावे हे निसर्गानेच ठरवून दिले आहे, आणि विज्ञानाने ते सिद्धही केले आहे. भूषण त्या वेळी काही बोलला नाही, पण रात्री जेवलाही नाही, हे वाचून मन फार खट्टू झाले. विज्ञान खरेच असे म्हणते का, असे तू विचारतोस. उत्क्रांती हा विषय मी कनिष्ठ महाविद्यालयात इतकी वर्षे शिकवत आहे, तेव्हा याचे उत्तर नीट आणि सविस्तर देणे मला भागच आहे.

पाहुण्यांच्या बोलण्यात एक खरा भाग आहे, तो आधी सांगतो. नर आणि मादी यांच्यातला मूळ फरक बीजाच्या आकाराचा आहे. अंडे मोठे, पोषणाने भरलेले आणि मोजके असते. शुक्राणू सूक्ष्म आणि अगणित असतात. सस्तन प्राण्यांत त्यावर गर्भारपण आणि दूध पाजणे यांची भर पडते, त्यामुळे एका पिल्लामागे मादीचा जो वेळ आणि जी शक्ती जाते, ती नराच्या वाट्यापेक्षा कितीतरी अधिक असते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 साली यावरून एक नियम मांडला. ज्या लिंगाची पिल्लामागची गुंतवणूक जास्त, ते जोडीदार निवडताना चोखंदळ होते. ज्याची कमी, ते जोडीदार मिळवण्यासाठी आपसांत झुंजते. सस्तन प्राण्यांच्या दहापैकी नऊहून अधिक जातींत बाप पिल्लांकडे पाहत नाही. ताडोब्यातला वाघ आपल्या बछड्यांना वाढवत नाही, वाघीण मात्र दोनेक वर्षे त्यांच्यासाठी शिकार करते. एवढे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण नियमाचे शब्द पुन्हा वाच. त्यात "मादी" हा शब्दच नाही. "ज्या लिंगाची गुंतवणूक जास्त" असे त्यात म्हटले आहे, आणि पाहुणे नेमके तेवढेच विसरले.

आपल्या भागातल्या माजी मालगुजारी तलावांवर पावसाळ्यात जे दिसते, ते या बाबतीत कोणत्याही पुस्तकापेक्षा बोलके आहे. कमळाच्या आणि शिंगाड्याच्या पानांवरून लांबलचक बोटे टाकत चालणारा कमळपक्षी तू लहानपणापासून पाहिला आहेस. त्याची मादी नरापेक्षा मोठी असते. पाण्याचा एक भाग ती आपला म्हणून राखते आणि त्यासाठी दुसऱ्या माद्यांशी भांडते. तरंगत्या पानांवर ती चार चकचकीत, काळपट तपकिरी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. पुढचे सारे बापाचे. जवळजवळ चार आठवडे तोच एकटा अंडी उबवतो. पिल्ले निघाली की तीही त्याच्याच मागे फिरतात, आणि घार वर घिरट्या घालू लागली की तो पंख मोडल्याचे सोंग करून शत्रूला आपल्याकडे ओढतो. कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर तर पिल्लांना दोन्ही पंखांखाली दाबून उचलून नेतो. त्या वेळी त्याच्या अंगाखालून पिल्लांचे लांब पाय लोंबताना दिसतात आणि क्षणभर वाटते की या पक्ष्याला दोनाऐवजी आठ-दहा पाय आहेत. मी हे दृश्य दुर्बिणीतून पाहिले आहे, आणि बापाची माया म्हणजे काय हे एखाद्या मुलाला समजावायचे असेल तर मी त्याला आधी हेच दाखवीन.

असे का झाले असावे, यावर अभ्यासकांचे एक म्हणणे मला पटते. या पक्ष्याची पिल्ले अंड्यातून बाहेर येताच स्वतः टिपून खातात, म्हणून त्यांना राखायला एक पालक पुरतो. तलावावर अंडी फार नासतात, आणि खाणे मुबलक असल्याने मादी थोड्याच दिवसांत पुन्हा अंडी घालू शकते. मग बापाने बसून राहणे आणि आईने पुढची अंडी घालणे हाच वंशाच्या दृष्टीने लाभाचा मार्ग ठरतो. धानाच्या बांधीत पाणी नेहमी उताराकडेच जाते, पण उतार कोणत्या बाजूला, हे धुरे, म्हणजे बांध, कुठे घातले आहेत त्यावरून ठरते. उत्क्रांतीचा हा नियमही तसाच एक आहे आणि त्याची दिशा परिस्थिती ठरवते. त्याच धानाच्या शेतात आपला सारस राहतो. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरला आहे. तिथे नर-मादी दोघेही पाळीपाळीने अंडी उबवतात आणि पिल्लाला दोघेही वाढवतात.

"विज्ञानाने सिद्ध केले" हे शब्द पाहुण्यांनी कुठून उचलले असतील, याचाही मला अंदाज आहे. अँगस बेटमन यांनी 1948 साली फळमाश्यांवर प्रयोग केला आणि निष्कर्ष काढला की जास्त जोडीदार मिळाले तर नराची संतती वाढते, मादीची फारशी वाढत नाही. "नर उतावळा, मादी लाजाळू" हे वाक्य पुढे किती तरी वर्षे या एका प्रयोगाच्या आधाराने पाठ्यपुस्तकांत फिरत राहिले. पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून 2012 साली त्याचे निकाल छापले, तेव्हा त्यातला दोष उघड झाला. कोणते पिल्लू कोणाचे हे ओळखण्यासाठी बेटमन यांनी शरीरावर ठळक दिसणारी जनुकीय वैगुण्ये असलेल्या माश्या वापरल्या होत्या. आईचे एक आणि बापाचे एक अशी दोन वैगुण्ये ज्यांच्या वाट्याला आली, त्यांपैकी बरीच पिल्ले मोजणीआधीच मरत होती, आणि म्हणून हिशेबच तिरका झाला होता. याचा अर्थ नर-मादीत फरक नाही असा होत नाही. इतक्या मोठ्या इमारतीखालचा एक दगड कच्चा होता, एवढेच त्यातून कळते.

मादी स्वभावतः लाजाळू, ही समजूत तर आपल्या वानरांनीच मोडली आहे. सारा हर्डी यांनी 1970च्या दशकात अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास केला. नवा नर टोळी बळकावतो तेव्हा तो अंगावर पिणारी पिल्ले पुष्कळदा मारून टाकतो, कारण दूध तुटले की माद्या लवकर पुन्हा माजावर येतात. यावर माद्यांचा उपाय त्यांनी टिपला: माद्या अनेक नरांशी, टोळीबाहेरच्या नरांशीही, आणि कधी गाभण असतानासुद्धा समागम करतात, म्हणजे कोणत्याच नराला बापपणाची खात्री उरत नाही आणि पिल्लाचा जीव वाचण्याची शक्यता वाढते. आणखी एक गोष्ट तू तुझ्या गावच्या चिंचेवरही पाहू शकशील. नुकत्याच जन्मलेल्या काळ्या पिल्लाला आई पहिल्या दिवसापासून दुसऱ्या माद्यांच्या हाती देते आणि तेवढ्या वेळात स्वतः पोटभर चरून घेते. एकट्या आईने सारे करावे, हा नियम वानरांनीसुद्धा पाळलेला नाही.

आता माणसाकडे येतो, कारण भूषणचे दुःख तिथले आहे. माणसाचे पोर इतके परावलंबी असते आणि इतकी वर्षे दुसऱ्याच्या हातचे खाते की एकट्या आईला ते वाढवणे झेपत नाही. त्यात मागचे पोर मोठे होण्याआधीच पुढचे येते. म्हणून आपली जात बाप, आजी, मावशी, थोरली भावंडे अशा अनेकांच्या हातावर वाढलेली आहे, असे हर्डी यांनी पुढे मांडले, आणि मला ते पूर्णपणे पटते. टांझानियातल्या हाड्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स यांनी पाहिले की आईच्या अंगावर नवे बाळ असते तेव्हा दूध तुटलेल्या मुलाची वाढ आजीने खणून आणलेल्या कंदांवर टिकते. मध्य आफ्रिकेतल्या अका लोकांचे बाप वस्तीवर असताना दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या बाळापासून हातभराच्या अंतरात असतात, असे बॅरी ह्यूलेट यांनी मोजले. अका पुरुषही माणसेच आहेत, आणि त्यांना कोणी निसर्गाविरुद्ध वागतात असे म्हणत नाही.

लेकरू सांभाळल्याने पुरुषपण कमी होते का, असे भूषणने तुला एकदा हळूच विचारले, तेही तू लिहिलेस. त्याला सरळ सांग. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या सहाशेहून अधिक तरुणांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यात बाप झाल्यावर पुरुषांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बरेच उतरलेले आढळले, आणि रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ मुलाला सांभाळणाऱ्यांत ते आणखी कमी होते. पण जे मुळात जास्त टेस्टोस्टेरॉनचे होते, तेच पुढे बाप होण्याची शक्यता अधिक होती. पुरुषाच्या शरीरात बापपणाची तयारी अगोदरच आहे, असा त्याचा अर्थ मी लावतो. भूषणच्या अंगात जो बदल होत असेल तो रोग नाही, उणीवही नाही.

एका गोष्टीचा मला राग येतो, तो तुझ्यापाशी बोलतो. "आईला निसर्गानेच माया दिली आहे" असे म्हणणाऱ्यांना पुष्कळदा एवढेच सांगायचे असते की तिला मदतीची गरज नाही. जे रोझेनब्लाट या अभ्यासकाने 1967 साली दाखवले की कधी न व्यालेल्या उंदरिणीच नव्हे, तर नर उंदीरसुद्धा काही दिवस सतत पिल्लांच्या सहवासात राहिले की त्यांना चाटू लागतात आणि उचलून घरट्यात आणू लागतात. माया सहवासाने वाढते आणि थकव्याने आटते, आईचीसुद्धा. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे लावून आलेली बाई रात्रभर रडक्या पोराला झुलवत बसते, आणि तिची चिडचिड झाली की घरातलेच तिला आईपण शिकवू पाहतात. मला हे सहन होत नाही.

दूध पाजणे तेवढे भूषणला जमणार नाही, ते सूनबाईंचेच काम आहे. म्हणून मला कळव की दुपारी त्यांना घरी येता येते का. येता येत नसेल तर भूषणने नातीला घेऊन उपकेंद्रावर जावे, तिथे तासभर बसायची सोय होते का ते बघावे, आणि त्या वेळेपुरते धानाला पाणी सोडण्याचे काम तू अंगावर घ्यावेस. वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझा,
मधुकर