विरंगुळा केंद्राआधी पाखाडीला कठडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून गावोगावी पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची जुळवाजुळव सुरू होते. अलीकडे त्या यादीत ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र’ हे काम हटकून असते. हेतूबद्दल तक्रार नाही. पण कोकणातल्या गावाची ठेवण पाहिली तर हा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतो, हे स्पष्ट सांगायला हवे.

आपली गावे सलग वसलेली नाहीत. एक वाडी खाडीकाठी, दुसरी सड्याच्या कडेला, मध्ये ओढा आणि साकव. केंद्र बांधले जाते तिठ्यावर, ग्रामपंचायतीच्या शेजारी, कारण जागा तिथे मिळते आणि उद्घाटनाला गाडी तिथपर्यंत जाते. वरच्या वाडीतली पंचाहत्तरीची आजी तिथवर एक वेळ उतरेल, पण परत चढणार कशी? मग तिठ्याजवळचे पाच-सहा पुरुष, एक कॅरम आणि एक वर्तमानपत्र एवढ्यावर केंद्र चालते, आणि किल्ली शिपायाकडे असल्याने तो रजेवर गेला की तेही बंद. ओपन जिमची गत याहून वाईट. खाऱ्या हवेत त्या यंत्रांचे बेअरिंग दोन पावसाळ्यांत धरते, आणि नऊवारी असो वा पाचवारी, साडी नेसलेली बाई त्यावर चढत नाही.

बायकांचा मुद्दा इथे सर्वांत मोठा आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. २०११ साली रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावती माणसे मुंबई-पुण्याला आणि घर, गोठा, काजूची चार झाडे सांभाळायला मागे म्हातारी माणसे, त्यांतही बायका जास्त. ज्येष्ठांसाठीची जी सोय या बायकांच्या अंगणापासून पाच-दहा मिनिटांच्या वाटेवर नाही, ती त्यांच्यासाठी नाहीच.

म्हणून गाव नव्हे, वाडी हे एकक धरावे. आणि वाडीत दोनच गोष्टींवर जोर द्यावा: पायांतली ताकद आणि पायाखालची वाट, म्हणजे पाखाडी (वाडीतली पायऱ्यांची पायवाट).

ताकदीचा विषय निघाला की ‘आमची म्हातारी दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम?’ हा प्रश्न ठरलेला. राबतात हे खरेच. पण त्यांचे काम बहुतेक वाकून किंवा बसून चालते: शेणी थापणे, पातेरा गोळा करणे, काजूच्या बिया वेचणे. त्यात कंबर झिजते. मांडीचे स्नायू आणि तोल यांना हवा तसा सराव मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढच्यांसाठी चालण्याफिरण्याच्या जोडीला आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम वेगळे सांगितले आहेत ते यासाठीच. दोन दिवस गटात आणि एक दिवस घरी, एवढे जमण्यासारखे आहे.

जपानमधल्या कोची शहराने २००२ मध्ये असा एक व्यायाम सुरू केला. मनगटाला आणि पायाला बांधायची वजने, बसायला खुर्ची, आणि हळू लयीत हातपाय उचलणे. वजन शून्यापासून थोडेथोडे वाढवत सुमारे दोन किलोपर्यंत न्यायचे. घेण्यासारखी गोष्ट ही की तिथल्या पालिकेने वर्ग चालवले नाहीत. पालिका वजने देते, सुरुवातीला जाणकार माणूस पाठवते, गट मात्र मोहल्ल्यातले ज्येष्ठ स्वतः चालवतात. आपल्या ग्रामपंचायतीने नेमके एवढेच करावे.

वाडीच्या देवळाचा सभामंडप ही तयार जागा आहे. अडचण एकच: जीर्णोद्धारात मुंबईकरांच्या देणगीतून बसवलेल्या चकचकीत टाइल्स. पावसात ओल्या पायांनी त्यावर उभे राहणे धोक्याचे, म्हणून दारात आणि प्रत्येक खुर्चीपुढे काथ्याचे पायपुसणे हवे. खुर्ची बिनहाताची, बैठक जमिनीपासून साधारण १७ इंच, पाठ भिंतीला टेकवलेली. मंडपवाल्याची प्लास्टिकची खुर्ची टाइलवर फाकते, ती घेऊ नये. वजनांसाठी जुन्या जीनच्या कापडाच्या पिशव्या बचत गटाकडून शिवून घ्याव्यात. आत पाव-पाव किलोच्या पुड्या, प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या कोरड्या नदीच्या वाळूच्या. समुद्राची वाळू ओल धरते आणि कापड कुजवते. वेल्क्रोपेक्षा नाडी बरी, धुता येते आणि बदलताही येते. पहिले दोन आठवडे वजन अजिबात नको, मग पाव किलो, आणि दहा वेळा सहज उचलले गेले तरच पुढची पुडी.

क्रम साधा आहे. बसून पाच मिनिटे पाय आपटणे आणि खांदे फिरवणे. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे दहा वेळा. बसून गुडघा सरळ करणे, प्रत्येक पायाने दहा. मग खुर्चीच्या बाजूला उभे राहून तिच्या पाठीला धरून टाचा उचलणे, पाय बाजूला नेणे. शेवटी एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहणे. उचलताना चार आकडे, खाली आणताना चार आकडे. काही ठिकाणी टाळ-मृदंगावर व्यायाम घेण्याची हौस असते, पण भजनाचा ठेका चढत जातो आणि त्याबरोबर हातपायही झटक्याने हलू लागतात. भजन नंतर करावे. व्यायामाला तोंडी मोजणीच बरी.

कोणाला त्या दिवशी बसवून ठेवायचे हे गटप्रमुखाला पाठ हवे: रक्तदाब १८०/११० च्या पुढे असेल, छातीत दुखत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, नुकते हाड मोडले असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे उपाशीपोटी येऊ नयेत, आणि मंडपात साखरेचा डबा असावा. आदल्या दिवशीच्या व्यायामाने दुसऱ्या दिवशीही गुडघा दुखत राहिला तर वजन एक पुडी कमी.

मोजमापाशिवाय असा गट टिकत नाही, कारण फरक पडतो आहे हे कुणाला दिसतच नाही. अर्ध्या मिनिटात हात छातीशी बांधून खुर्चीतून किती वेळा उठता येते, ते पहिल्या दिवशी वहीत लिहावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहाच्या आत आणि पुरुषाला बाराच्या आत थांबावे लागले, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठून तीन मीटरवरच्या खडूच्या रेघेपर्यंत जाऊन परत येऊन बसायचे. बारा सेकंद किंवा अधिक लागली तर त्या व्यक्तीची गाठ उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी घालून द्यावी. गटाचा एक वार त्यांच्या वाडीभेटीच्या दिवशी ठेवला तर रक्तदाबही तिथेच पाहून होतो.

गट मोडतात ते ठरावीक वेळीच. भातलावणीच्या पंधरवड्यात कुणी येत नाही, आणि मग येणेच सुटते. त्यापेक्षा तेवढे दिवस सुट्टी आधीच जाहीर करावी. दुसरी वेळ गणपतीची. घर चाकरमान्यांनी भरते, ते परतल्यावर थकवा आणि पाठोपाठ पितृपक्ष. म्हणून गणपतीआधीच्या शेवटच्या दिवशीच ‘घटस्थापनेला पुन्हा’ हे ठरवून उठावे. गटप्रमुख दोन असावेत, त्यांतली एक बाई, वय साठ ते सत्तर. तरुण कार्यकर्ता नेमला की तो नोकरीला जातो आणि गट संपतो.

आता वाट. गुळगुळीत घोटलेला कोबा आणि उंच पायऱ्या, एवढ्या दोन चुकांनी कोकणात किती खुबे मोडत असतील! चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) आडवा टाकला तर पायरी साधारण सात इंचांची होते; चिरे वाचवायला तोच उभा लावला की नऊच्या पुढे जाते. सहा इंचांची पायरी हवी, म्हणजे आडवा चिरासुद्धा इंचभर जमिनीत बसवायला हवा. उताराच्या काँक्रीटवर ओले असतानाच आडवा खराटा ओढून घ्यावा, ठेकेदाराला घोटू देऊ नये. कठड्याला सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, उंची ३४ ते ३६ इंच, वरच्या आणि खालच्या पायरीच्या पुढे फूटभर निघालेला. दोन इंची पाइप दिसायला दणकट, पण म्हाताऱ्या मुठीत मावत नाही. पाइप गंजतो तो जमिनीलगत, जिथे पाणी साचते. तिथे काँक्रीटचा उतरता गोळा करून घ्यावा आणि दर वर्षी मृगाआधी रेड ऑक्साइड मारावे.

शेवाळासाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. दहा लिटर पाण्यात शंभरेक ग्रॅम, गाळ बसल्यावर वरचे निवळ पाणी वाटेवर ओतायचे, वीस मिनिटांनी तारेच्या ब्रशने घासून धुवायचे. मृगाआधी एकदा, नंतर उघडीप पाहून नारळी पौर्णिमेपर्यंत दर पंधरा दिवसांनी. विहिरीपासून लांब, हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून, आणि संडासाच्या ॲसिडशी चुकूनही मिसळू नये, विषारी वायू होतो. पाणी शुद्धीकरणाच्या साठ्यातली पावडर यासाठी उचलू नये, वेगळी घ्यावी.

पाखाडीचे काम अडते ते पैशापेक्षा कागदावर. वाट ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नसेल तर तिच्यावर खर्च टाकायला कोणी धजत नाही. नोंद करायची तर जमीनमालकांची संमतीपत्रे लागतात, आणि सामाईक सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात, त्यांतली बहुतेक मुंबईत. या सह्या गोळा करण्याची वर्षातली हक्काची वेळ म्हणजे गणपती, दुसरी शिमगा. कोरी संमतीपत्रे आधीच छापून ठेवावीत. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनीही कमानीच्या देणगीतले थोडे कठड्याकडे वळवले तर कमानीचे काही बिघडणार नाही.

पैसा कुठून? वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून असे काम घेता येते. स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ज्येष्ठांना असा वेगळा वाटा नाही. आराखड्याच्या नऊ संकल्पनांतही बालस्नेही गाव आहे, महिलास्नेही गाव आहे, ज्येष्ठस्नेही नाही. तेव्हा काम ‘आरोग्यदायी गाव’ किंवा ‘सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव’ या शीर्षाखाली बसवावे लागते. गटाच्या पायपुसण्या, वजने, वही यांचा खर्च ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीसमोर ठेवावा. तिला गावामागे वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी असतो.

गरज किती, हे सांगणारी माहिती गावातच आहे. आशाताई भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये (आजारांचा धोका पाहण्याच्या प्रश्नावलीत) साठीपुढच्यांना वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना वा चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा आहे का, खाणे-कपडे-अंघोळीला मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का. ही उत्तरे वर पाठवली जातात आणि ग्रामपंचायतीला कळतही नाहीत. नावे मागू नयेत, ती खासगी बाब आहे. वाडीवार आकडा मागावा. कुठल्या वाडीत तोल जाणारी माणसे जास्त, यावरून पहिला कठडा कुठे ते ठरते. नाहीतर तो सरपंचांच्या वाडीत होतो.

ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असेल ते. सहाशे मतदारांच्या गावात नव्वद माणसे पुरतात, आणि पंच्याहत्तरीपर्यंतचे ज्येष्ठच जमले तरी त्यातला मोठा भाग भरतो. ‘ज्येष्ठांसाठी उपक्रम राबवावेत’ असला मोघम ठराव मात्र करू नये, त्यावरून अंदाजपत्रक निघत नाही. ठरावात लिहावे: अमुक वाडी, अमुक घरापासून देवळापर्यंत, ६० मीटर, ४२ पायऱ्या, पायरीची उंची सहा इंच, एका बाजूने सव्वा इंची जीआय कठडा. पंचायत समितीचे शाखा अभियंता अंदाजपत्रक करतात त्यात पायऱ्या येतात, कठडा बरेचदा राहून जातो. कागद हातात घेऊन तपासावा.

विषय सभेच्या सूचनेत छापून यायला हवा, तर अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे) सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत द्यावा. अर्जाबरोबर वाडीवार आकडा, पायऱ्यांचे माप आणि गणपतीत किंवा शिमग्यात घेतलेली संमतीपत्रे जोडावीत, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

आपले,
एक निवृत्त ग्रामविकास अधिकारी आणि वाडीगटाच्या दोन गटप्रमुख
ता. राजापूर, जि. रत्नागिरी