पॅसेंजर आणि एसटीची जरा गाठ घालून द्या

संपादक महोदय, नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की सगळीकडे कोकण ट्रिपचे प्लॅन सुरू होतात, आणि ते बहुतेक स्वतःची गाडी असणाऱ्यांसाठीच असतात. पहाटे निघा, दुपारी अमक्या हॉटेलात मासे खा, रात्री तमक्या रिसॉर्टवर. ज्याच्याकडे गाडी नाही, किंवा आहे पण हायवेवर चालवायची इच्छा नाही, त्याने काय करायचं हे कुणी लिहीतच नाही. म्हटलं आपणच लिहावं.

मुंबईकडच्या बऱ्याच जणांना वाटतं की कोकण रेल्वेत खिडकी मिळाली की समुद्र दिसणार. तसं काही नाहीये, आपल्या महाराष्ट्राच्या हद्दीत तरी ती लाईन किनारा आणि सह्याद्रीच्या मधून आतल्या अंगाने गेलीय. भातखाचरं दिसतात, काजूच्या बागा दिसतात, उक्षी सोडलं की करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, रत्नागिरीच्या पुढे ६४ मीटर उंच पानवलचा पूल येतो (दारात उभं राहून व्हिडिओ काढू नका प्लीज). समुद्र सोडून सगळं आहे. समुद्र पाहिजे असेल तर उतरून एसटीच धरावी लागते.

आणि खरी मजा तिथेच आहे. खेडला उतरा, एसटीने दापोली, तिथून हर्णैला जाऊन मासळीचा लिलाव बघा, मग दाभोळ, दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपावे, पुढे गुहागर, हेदवी, तवसाळहून परत बोटीने जयगड, मग मालगुंड गणपतीपुळे करत आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. तिथून खाली पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं जमेल तेवढं जायचं, आणि कंटाळा आला की कणकवली किंवा कुडाळला येऊन परतीची ट्रेन. ज्या गावात संध्याकाळ होईल तिथे मुक्काम. एसटीचा ४ आणि ७ दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास असतो, तो असल्या भटकंतीसाठीच आहे पण किती लोकांना माहीत आहे देव जाणे. शिवाय ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आईला घेऊन गेलो तर निम्मा खर्च तिथेच वाचतो.

वंदे भारत २०२३ मध्ये सुरू झाली, चांगलीच आहे, घाईच्या माणसाने जरूर जावं. पण ती मोजक्या स्टेशनांवर थांबते. छोट्या स्टेशनवर उतरणाऱ्याला दिवा-सावंतवाडीच लागते, जी सकाळी दिव्याहून निघते आणि सावंतवाडीला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. वीरच्या पुढे अजून सिंगल लाईन, त्यामुळे क्रॉसिंग आलं की हिला बाजूला घालणार आणि बाकीच्या धडाधड निघून जाणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तेवढ्यात वडापाव होतो, मे महिना असेल तर करवंदं घेऊन बाया येतात, शेजारचा माणूस आपलं गाव कुठलं विचारतो आणि मग त्याच्या गावातल्या जमिनीची सगळी केस ऐकवतो.

तक्रार आहे ती स्टेशनबाहेरची. कोकणात बरीच स्टेशनं गावापासून लांब आहेत, रत्नागिरीचं घ्या, राजापूरचं घ्या, सावंतवाडीचं घ्या. मागे एका स्टेशनवर (नाव नाही घेत) आमची गाडी लेट आली आणि बाहेर बघतो तर बस केव्हाच गेलेली, पुढची कधी ते कुणालाच माहीत नाही, मग रिक्षावाला मागेल ते देऊन स्टँड गाठला. पूर्ण ट्रेनच्या तिकिटापेक्षा ते जास्त झाले. आता एसटीचं पण मी समजू शकतो, वस्तीची गाडी (रात्री गावातच मुक्कामाला असते ती) पहाटे गावातून निघते ती शाळा-कॉलेजची पोरं, बाजार, तालुक्याची कामं बघून, ट्रेन बघून नाही. पण दिवसातून दोन-तीन गाड्या तरी ट्रेनच्या हिशोबाने लावा की, आणि ट्रेन लेट असेल तर स्टेशन मास्तरने डेपोला एक फोन करावा, बस पंधरा मिनिटं थांबली तर काय बिघडतं?

पावसाळ्यात तर ट्रेनचा स्पीड कमी करतात आणि टाइमटेबलच वेगळं असतं, ते लागलं की स्टेशनवरच्या बसच्या वेळाही त्याच दिवसापासून बदलायला हव्यात. आणि एवढं सगळं जमत नसेल तर निदान प्रत्येक स्टेशनबाहेर एसटीच्या वेळांची एक पाटी लावा, खडूने लिहिली तरी चालेल. त्यावर फेरीबोटीची शेवटची फेरी किती वाजता तेही टाका, कारण खेडला उतरलेल्या माणसाला ते दाभोळला पोचल्यावर कळून काही उपयोग नाही.

आपला,
एक चाकरमानी, डोंबिवली